काट्यावरची बाई

यशू झोपली की निशा आधी तिच्या नाकाखाली आडवं बोट धरायची. उबदार वारा बोटाला लागला की मगच लॅपटॉप उघडायची. पोरगी सव्वा वर्षाची झाली, आता कशाला हे, असं तिचा नवरा प्रसेनजीत फोनवर हसून म्हणायचा. त्याला हसायला काय जातंय? तो तिकडं परराज्यात, होसूरला कारखान्यात. बोट धरायला इथं निशा एकटीच.

कळंब्याची ती इमारत नवी होती आणि बरीचशी रिकामी. पुण्यातल्या लोकांनी फ्लॅट घेऊन कुलपं घालून ठेवलेले. जिन्यात कुणाची चप्पल वाजली तर निशा कान टवकारायची, आणि बहुतेक वेळा तो पाण्याच्या टाकीचा कॉक सोडायला आलेला वॉचमन निघायचा. सासूबाई, मीनाबाई, बाळंतपणात राहून गेल्या. पण शिरोळला त्यांची दोन जनावरं आणि दुसऱ्याच्या उसातली कामं, त्या किती दिवस राहणार? असा एखादा दिवस जायचा की निशा यशूशी बोलते तेवढंच तिचं बोलणं. तेही हळू. झोपमोड होईल म्हणून हळू बोलायची सवय लागली, ती यशू जागी असतानाही सुटेना.

काम मात्र होतं, हे बरं होतं. आरिफसरांच्या कंपनीत ती लग्नाआधीपासून प्रोग्रामर. कंपनी कसली, शाहूपुरीतल्या एका जिन्याखालच्या दोन खोल्या. त्यांचा एकच प्रोग्राम चालायचा, ‘धार’ नावाचा. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, तिथं काट्यावरचं वजन आणि मशीनवरचं फॅट उचलून पावती काढणारा हा प्रोग्राम. यशू झाल्यावर सरांनी तिला घरून काम करायची मुभा दिली. “पण म्याडम, गिऱ्हाईक टिकलं तर,” एवढं मात्र ते न चुकता म्हणायचे.

आणि गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं होतं. ‘धार’ उघडायलाच फार वेळ लावायचा. सेक्रेटरीनं शटर वर करून कॉम्प्युटर चालू करावा, चहा मागवावा, प्यावा, कप विसळावा, तरी पडद्यावर आपलं वाळूचं घड्याळच. बाहेर रांग ताटकळलेली. मोबाईलवर चालणारं कुठलंसं नवीन ॲप घेऊन पोरं संस्थासंस्थांतून फिरत होती.

निशानं प्रोग्राम उकलून बघितला, तेव्हा रोग तिच्या लगेच ध्यानात आला. इतक्या वर्षांत जो तो ज्याला जे हवं ते त्यात कोंबत गेला होता. दिवाळी बोनसचा हिशेब, पशुखाद्याचं खातं, वार्षिक सभेचा अहवाल, सगळं एकाच अगडबंब फाईलमध्ये. सकाळी हवं असायचं फक्त वजन, फॅट आणि पावती. पण प्रोग्राम उठताना हे सगळं बोचकं डोक्यावर घेऊनच उठायचा. संस्थांतले कॉम्प्युटर म्हातारे, त्यांची मेमरी बेताची. शिवाय जे तुकडे एकामागोमाग लागतात, ते फाईलमध्ये दहा दिशांना विखुरलेले. वजनाचा तुकडा या टोकाला, पावतीचा त्या टोकाला. डिस्क बिचारी प्रत्येक पावतीला या टोकाकडून त्या टोकाकडं पळायची.

युक्ती सुचली ती यशूच्या पिशवीवरून. दवाखान्यात जायची पिशवी निशा सतत भरून ठेवायची. आधी सगळं एकत्रच असायचं. एकदा यशूला एकाएकी ताप भरला आणि थर्मामीटर सापडेना, तेव्हा स्वेटर, खुळखुळा, दुपटी, सगळं जमिनीवर उपसावं लागलं होतं. त्या दिवसापासून पिशवीला शिस्त लागली. हात घातल्याबरोबर लागणारं ते वरच्या कप्प्यात, एकमेकांना चिकटून. बाकीचं दुसऱ्या पिशवीत, ती दाराशी. लागली तर उचलायची, नाही तर राहू दे तिथंच.

प्रोग्रामचंही तिनं तेच केलं. दुपारी यशू झोपली की बसायची. कुठला तुकडा कधी हाक मारला जातो याचा माग काढला, सकाळी लागणारे सगळे तुकडे शेजारीशेजारी आणले, बोनस आणि पशुखाद्य वेगळ्या फाईलींत घातलं. ज्याला हवं त्यानं बटण दाबावं, तेव्हा ती फाईल उघडेल. ‘धार’ बारीक होत चालला. तिच्या लॅपटॉपवर तर बोट लावायचा अवकाश, की उघडायचा.

राहिला तो आवाज.

काट्यावर दूध ओतलं की ‘धार’ बोलायचा. स्पीकरमधून बाईचा आवाज यायचा: नमस्कार, सभासद क्रमांक अमुक, इतके लिटर, फॅट इतकं, धन्यवाद. ज्यांना पावती वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. तो आवाज निशाचा होता. लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात, ऑफिसातले पंखे बंद करून, घामानं निथळत तिनं सगळे आकडे म्हटले होते. आरिफसर समोर उभे राहून प्रत्येक आकड्याला हात वर-खाली करत होते, बँडमास्तरासारखे. त्यांना बघून तिला हसू फुटलं होतं, आणि त्यातलं थोडं त्या ‘नमस्कार’मध्ये उतरलं ते तसंच राहिलं. गावोगावी लोक त्या आवाजाला काट्यावरची बाई म्हणायचे.

आणि प्रोग्राममध्ये सगळ्यात जड होती ती हीच.

“बाई काढून टाका म्याडम,” आरिफसर फोनवर म्हणाले. “निम्मं वजन तिचंच हाय. तुम्ही राग मानू नका.”

“राग कसला सर. पण लोकांना सवय आहे.”

“सवय काय, मोडती. ॲपवाले कुठं बोलतात?”

“मी बघते. काढायची गरज पडणार नाही.”

तिनं आवाज दाराशी ठेवायच्या पिशवीत घातला. प्रोग्राम उघडताना आवाज आणायचाच नाही. पहिल्यांदा बोलायची वेळ येईल तेव्हा आणायचा. आणि आणायला फारच वेळ लागला, तर रांग अडू नये म्हणून न बोलताच पुढं जायचं. तिच्या लॅपटॉपवर ही भानगड कधी उद्भवलीच नाही. बाई पापणी लवायच्या आत बोलायला लागायची. कुणाच्या सोयीसाठी आपण तिला ठेवतोय, असं कुणी विचारलं असतं तर ती लोकांच्याच म्हणाली असती. पण सकाळी यशूला मांडीवर घेऊन खिडकीत बसली की तिच्या मनात यायचं, की आत्ता गडमुडशिंगीत, आत्ता शिरोळकडं, कितीतरी ठिकाणी आपण बोलतोय, खणखणीत. आणि इथं आपल्या घशात सकाळपासून एक शब्द आलेला नाही.

सरांनी नवीन ‘धार’ आधी गडमुडशिंगीच्या एका संस्थेला दिला, लांबूनच, त्यांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेऊन. आठवड्याभरानं तिथल्या सेक्रेटरीचा, गणपतीतात्यांचा, फोन आला. तात्यांचं बोलणं असं, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा.

“म्याडम, झकास काम केलंसा! शटर उघडूस्तोवर प्रोग्राम उभा ऱ्हातोय. लई भारी.”

निशानं यशूकडं बघून ओठावर बोट ठेवलं, जसं काही तात्या समोर होते. “बरं झालं तात्या.”

“पण एक जरा हाय. पहिल्या माणसाला अडकतंय बघा. काट्यावर दूध वतलं की पडदा गोठतोय. लोक बोंबलत्यात. मग सुटतंय, पण त्या पहिल्याला बाई काय बोलत न्हाय. दुसऱ्यापासनं बोलत्या फटाफटा.”

त्याच क्षणी तिला कळलं. वेळ कुठं गेलाच नव्हता. आधी तो सगळ्यांचा मिळून दारात वाया जायचा. तिनं तो उचलून एकट्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर ठेवला होता. संस्थेची जुनी डिस्क तो जड आवाज ओढत आणते तोवर सगळं ठप्प, आणि वेळ टळली म्हणून तिनंच घातलेल्या नियमानं बाई गप्प.

“पहिलं कोण असतं तात्या?”

“चिमणाबाई. एकटी म्हातारी हाय, एक म्हस. कोंबड्याच्या आदी येऊन बसत्या. वर्साची वर्सं तिचाच पहिला नंबर. आता सगळी म्हणत्यात, म्हातारीचा पायगुण. तिला बघून मशीनला धाप लागत्या.” तात्या स्वतःच खदखदून हसले.

“अहो, पण कुणीही पहिलं आलं तरी अडकेल.”

“अडकलं की. एक दिस तिला ताप आलता, तर तिच्या म्हागच्या राजवीरचं अडकलं. तर म्हणाला, कालचा पायगुण उरलाय. आता पहिलं जायला कोण तयारच न्हाय. मग समद्यांनी ठरवलं, चिमणाबाईलाच घाला म्होरं. तिचं आणि काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय?”

लग्न झालं त्याच महिन्यात प्रसेनजीतची इथली फाउंड्री बंद पडली होती, आणि शिरोळला शेजारची बाई दारात येऊन हाच ‘पायगुण’ शब्द बोलून गेली होती. मीनाबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं होतं. “आमच्यात असलं काय मानत न्हाईत. बाबासाहेबांचा फोटू हाय घरात. व्हा म्हागारी.” सासूबाई बोलल्या म्हणून निभावलं. पण शब्द ऐकला होता तो ऐकलाच होता, पुढं किती तरी दिवस घरात काही सांडलं की तिला वाटायचं, सगळे आपल्याकडंच बघतायत.

“तात्या, असं करा. चिमणाबाईंच्या आधी एक रिकामी किटली लावा काट्यावर. आवाज येऊन जाईल. मग त्यांना घ्या.”

तात्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“रिकामी?”

“हो. नुसती.”

“म्याडम, शिकलासवरलासा तुम्ही. पर बोहनीला काट्यावर रिकामं भांडं? माझ्या बापानं ही संस्था उघडली, तवापासनं पहिली धार काट्यावर भरल्या भांड्याचीच. उद्या कुणाची म्हस आटली तर माझ्या नावानं शिमगा करतील.”

“मग पाणी घालून...”

“पाणी! दुधाच्या काट्यावर! वाईच हळू बोला, कुणी ऐकल.”

निशा मुळात हळूच बोलत होती.

संध्याकाळी आरिफसरांचाही फोन आला. तात्यांनी त्यांनाही सांगितलं होतं. “सोमवारपर्यंत बघतो म्याडम. जमलं तर ठीक. नाही तर बाई काढून मी सगळ्या संस्थांना फाईल पाठवतो. एका म्हातारीपायी गावात तमाशा नको.”

रात्री प्रसेनजीतचा व्हिडिओ कॉल आला. यशूनं फोनला दोन्ही हातांनी धरून चाटलं. तिच्या लेखी बाबा म्हणजे हीच चौकोनी वस्तू. निशानं त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण त्याची शिफ्ट होती, मागून कुणीतरी हाक मारत होतं. “तू जरा जास्तच विचार करतीस,” तो म्हणाला, आणि चौकोन काळा झाला. यशू तरीही त्या काळ्या चौकोनाकडं बघून हसत राहिली.

घरी बसून पुढं काही कळण्यासारखं नव्हतं. आवाज कधी आणायचा? उघडताना आणला तर पुन्हा वाळूचं घड्याळ. पहिल्या माणसाला आणला तर चिमणाबाई. मधली जागाच नव्हती. निदान लॅपटॉपवरून दिसत नव्हती. यशू झाल्यापासून निशानं एकाही संस्थेत पाऊल ठेवलं नव्हतं. सकाळचा गार वारा, जंतू, धूळ, खोकणारी माणसं. तिनं ती यादी मनात पुन्हा म्हटली. मग ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करून शनिवारी उजाडायला यायला सांगितलं.

यशूला दोन टोपड्यांत गुंडाळून, पिशवी एका खांद्याला आणि लॅपटॉप दुसऱ्याला, अशी ती गडमुडशिंगीला पोचली तेव्हा संस्थेपुढं माणसं जमायला लागली होती. किटल्या, कॅन, झाकणाच्या बादल्या. सगळ्यांच्या पुढं, पायरीवर, एक वाळकी म्हातारी पदर कानाभोवती घट्ट घेऊन बसलेली. तिच्यात आणि बाकीच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती. ती जागा निशाच्या नजरेनं बरोबर टिपली. रांग दाटीवाटीची, फक्त तेवढ्याच ठिकाणी फट.

“आवो म्याडम! तुम्ही?” गणपतीतात्यांनी शटर वर करता करता आरोळी ठोकली. “पावण्यांस्नी खुर्ची द्या रे! लेकरू घेऊन आल्यात!”

निशा खुर्चीत बसली नाही. कोपऱ्यात उभी राहून, बाळाला बघावं तसं, ती तात्यांना बघत राहिली. तात्यांनी कॉम्प्युटर चालू केला. ‘धार’ उघडला, चटकन. मग तात्यांनी कॉम्प्युटरकडं पाठ केली. फॅटच्या मशीनच्या नळीत गरम पाणी सोडलं. ते बाहेर आलं, ओतून दिलं, पुन्हा सोडलं. फडक्यानं काटा पुसला. भिंतीवरच्या फोटोंपुढं उदबत्ती लावली, आणि तीच उदबत्ती काट्याभोवती, मशीनभोवती ओवाळली. हे सगळं होईपर्यंत ‘धार’ पडद्यावर उघडा, बिनकामाचा, हाताची घडी घालून बसलेला.

तिनं माग काढला होता तो प्रोग्रामच्या तुकड्यांचा. नळीतल्या पाण्याचा आणि उदबत्तीचा माग तिच्या लॅपटॉपमध्ये कुठून येणार? ही होती मधली जागा. रोज सकाळी, सगळ्या संस्थांत, मशीन धुवायच्या वेळेची.

“चला चिमणाबाई,” तात्या म्हणाले.

म्हातारी उठली. तिनं दूध ओतलं. पडदा गोठला.

“झालं! बसली शेळी!” मागून कुणीतरी ओरडलं.

“अगं चिमणाबाई, म्हशीला तरी बरं बघत्यास न्हवं? का ती बी अशीच थांबत्या?”

हशा पिकला. चिमणाबाई मागं वळली नाही. ती स्पीकरकडं बघत होती, कुणी उत्तर द्यायला उशीर लावतंय अशा नजरेनं. तिचे ओठ आधीच अर्धवट उघडे होते. मग पडदा सुटला, पावती निघाली. स्पीकर गप्प. म्हातारीनं ओठ मिटले, पावती कनवटीला लावली आणि बाजूला झाली.

निशा पुढं झाली. “त्यांची काही चूक नाही,” ती म्हणाली. “प्रोग्राममध्येच चूक आहे. माझी.” पण तिचा आवाज पहिल्या दोघांच्या पलीकडं गेलाच नाही, आणि त्याच वेळी मागच्या माणसानं दूध ओतलं, आणि स्पीकर कडाडला: “नमस्कार! सभासद क्रमांक एकतीस!” खोली भरून गेली त्या आवाजानं. निशाचं वाक्य त्याखाली चेंगरलं.

आणि यशू! कडेवरची यशू गर्रकन फिरली. स्पीकरकडं बघून तिनं दोन्ही हात पुढं केले आणि हसली, रात्री त्या चौकोनाकडं बघून हसते तश्शी. आईकडं तिनं पाहिलंही नाही.

रांग संपायला ऊन वर आलं. चिमणाबाई गेली नव्हती. पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी टेकली होती. घरी तिची वाट बघणारं म्हशीशिवाय कुणी नव्हतं, आणि म्हशीचं चारापाणी उरकूनच ती आली होती.

“तात्या, मला तास-दीड तास द्या,” निशा म्हणाली. “इथंच बसून करते.”

ती पोत्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. पण मांडी एकच, आणि यशू लॅपटॉपच्या कळांवर झेपावत होती. खाली ठेवावी तर फरशीवर दुधाचा ओलावा, माश्या. निशानं इकडंतिकडं पाहिलं.

“आण हिकडं,” चिमणाबाई म्हणाली. “खात न्हाय मी तिला.”

आजवर घरची माणसं आणि डॉक्टर सोडून यशूला कुणाच्या हातात दिलं नव्हतं. म्हातारीच्या नखांत चाऱ्याचा हिरवा रंग होता. निशाच्या जिभेवर आलं, हात धुता का? पण तिला ती रांगेतली फट आठवली. तिनं यशूला उचललं आणि दिलं. दिल्यावर हात तसेच पुढं राहिले, थोडा वेळ.

“काय नाव?”

“यशोधरा.”

“येशा. ये गं येशा.” म्हातारी तिला पायांवर घेऊन झुलवायला लागली. “माझ्याशी बोलत न्हाय ती बाई आता,” ती यशूलाच सांगत होती. “इतकी वर्सं बोलायची. पहिली मलाच बोलायची. मी बी म्हणायची, व्हय बाई. आता सगळ्यांस्नी बोलत्या, मलाच न्हाय. काय चुकलं माझं, काय म्हाईत.”

निशाची बोटं कळांवर थांबली. मग ती जोरात चालायला लागली. काम अवघड नव्हतं. प्रोग्राम उघडू दे लगेच. मग पडद्यावर हालचाल नसेल तेव्हा, मागच्या मागं, आवाज थोडा थोडा आणत राहायचा. कुणी दूध ओतलं तर आणणं थांबवून आधी त्याचं काम. आणि आणायचा क्रमही बदलायचा: ‘नमस्कार’ आणि ‘सभासद क्रमांक’ आधी, कारण ते प्रत्येकालाच लागतात, मोठे आकडे शेवटी. मध्येमध्ये ती मान वर करून यशूकडं बघत होती. यशू म्हातारीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी खेळत होती, आणि तिला आईची जरासुद्धा आठवण येत नव्हती.

“झालं. नवीन फाईल घातलीय तात्या, कॉम्प्युटर बंद करून परत लावा. आणि सकाळी करता ते सगळं करा. पाणीबिणी.”

“आणि उदबत्ती?”

“उदबत्तीसुद्धा.”

तात्यांनी कुरकुरत सगळं केलं. मग त्यांनी कंबरेवर हात ठेवले. “आता? वजनाला काय लावणार? दूध तर गेलं गाडीतनं. रिकामं मी लावू देणार न्हाय, आदीच सांगतो.”

चिमणाबाई यशूला घेऊनच उठली. “चहापुरतं ठेवलंय की मी घरात. आणते.”

ती समोरच्या बोळात शिरली. यशूसकट. निशा दारापर्यंत धावली आणि उंबऱ्याशी थांबली. बोळाचं वळण तिला दिसत होतं, त्यापलीकडचं दिसत नव्हतं. वेळ किती गेला कोण जाणे. तिला तो आरपार जाणवला. मग म्हातारी वळणावर परत दिसली, एका कडेवर यशू, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, दोन्हीतलं काही न सांडता.

“लावा सेक्रेटरी,” ती म्हणाली. “सत्तर नंबर.”

“पावशेर बी न्हाय गं हे.”

“मग काय झालं? दूध न्हाय व्हय ते?”

तात्यांनी दूध ओतलं. पडदा गोठला नाही. आणि स्पीकरमधून, अंगावर पाणी उडावं तसा, तो आवाज आला, कडेला थोडं हसू असलेला: “नमस्कार! सभासद क्रमांक सत्तर!”

“व्हय बाई,” चिमणाबाई म्हणाली. एवढंच. पण पूर्ण ऐकून घेतलं, लिटर, फॅट, शेवटच्या धन्यवादपर्यंत, मान हलवत.

यशू तिच्या कडेवरून पुन्हा स्पीकरकडं झेपावली.

“हिला बी वळखीची वाटत्या की गं ती.” म्हातारी हसली. तिला एकच दात होता.

“चिमणाबाई,” निशा म्हणाली, “ती... तो आवाज माझाच आहे.”

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. राग नव्हता, चेष्टा नव्हती. गुरांच्या बाजारात जनावर बघावं तसं, नीट.

“न्हाय गं,” ती म्हणाली. “ती लई खणखणीत बोलत्या. तुझा आवाज बारका हाय.”

तात्या काहीतरी बोलणार होते. निशानं मान हलवून त्यांना नको म्हटलं. यशूला परत घेतलं. पोरीच्या टोपड्याला शेणाचा, धुराचा, दुधाचा वास लागला होता. रिक्षात बसल्यावर तो पुसायला तिनं पिशवीतून ओला रुमाल काढला, आणि तसाच परत ठेवला.

सोमवारी आरिफसरांचा एका ओळीचा निरोप आला: “बाई वाचली म्याडम, सगळ्यांना हीच फाईल पाठवतोय.” गणपतीतात्यांचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. या धंद्यात असंच. बिघडलं तर दहा फोन, चालायला लागलं की तुमची कुणाला आठवण नाही. शेवटी तिनंच फोन केला.

“चालू हाय की. का वो?” तात्या घाईत होते.

“चिमणाबाई येतात ना?”

“येतीय, घालतीय, जातीय.”

“आणि लोक? पायगुण वगैरे?”

“कसला पायगुण?” तात्यांना खरंच क्षणभर आठवेना. “हां, ते व्हय. ते काय आता कोण काढत न्हाय. ठेवू? गाडी आल्या दुधाची.”

म्हातारीला कुणी चुकलो म्हणालं नसणार. फट मात्र बुजली असेल. असावी. तेवढं तिला इथून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यशूला घेऊन खिडकीत बसली. कळंब्याच्या तलावावर धुकं होतं. जिन्यात कुणाची चप्पल नव्हती. तिकडं आता तात्यांची उदबत्ती लागली असेल, मागच्या मागं आपला आवाज थोडा थोडा वर येत असेल. निशानं घसा साफ केला. बऱ्याच दिवसांत तो इतका उघडला नव्हता.

“नमस्कार,” ती म्हणाली. पहिल्यांदा आवाज फाटला. मग तिनं पाठ ताठ केली. “नमस्कार! सभासद क्रमांक सत्तर!”

रिकाम्या इमारतीत तो आवाज कुठंतरी आपटून परत आला. यशूनं चमकून मान फिरवली. आधी टेबलावरच्या फोनकडं पाहिलं, मग मिटलेल्या लॅपटॉपकडं. हात पुढं केले. हसलीसुद्धा, त्या वस्तूंकडं बघून.

“तिकडं नाही गं,” निशानं तिची हनुवटी धरून हळूच आपल्याकडं वळवली. “इकडं. इकडं बघ.”

आणि तिनं पुन्हा म्हटलं, तितक्याच मोठ्यानं. यशू या खेपेला तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग एक बोट उचलून तिनं आईच्या ओठांवर ठेवलं, वारा लागतोय का बघावं तसं.